बुकित तिमाहची टेकडी आणि आपला खारेपाट

इसवी सन १८८३ या सालाला आपल्या समाजाच्या इतिहासात तसे काही मोठे स्थान नाही. तरी त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्हींचा संबंध या लेखाशी आहे. मुंबई सरकारने कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर छापले. त्यात आपल्या शनिवार तेल्यांची नोंद आहे आणि समुद्राला थोपवून धरणाऱ्या खारबांधांचीही आहे. सप्टेंबर महिन्यात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया म्युझियममध्ये आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आणि तिकडे सिंगापुरात नॅथॅनिएल कँटली नावाच्या बोटॅनिक गार्डनच्या अधिकाऱ्याने सरकारला एक अहवाल लिहून दिला की बेटावरचे रान जवळजवळ संपले आहे, उरले आहे तेवढे तरी राखा. त्यानंतर जी राने राखीव झाली त्यांतले बुकित तिमाहचे रान आजही उभे आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण मुलाबाळांकडे सिंगापूरला जाऊन आले असतील. वॉटर्लू स्ट्रीटवरचे १८७८ सालचे मागेन आबोथ सिनेगॉग पाहिले असेल. ते बगदादी मंडळींचे. सर मनासे मायर आणि पुढे सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल यांच्याविषयी आपल्यात बोलले जाते. त्या टेकडीकडे मात्र आपले लोक फारसे जात नाहीत. चढ आहे, आणि गुडघे दुखतात. म्हणून ती गोष्ट इथे सांगतो, कारण ती वाचताना मला आपला अलिबाग-पेणचा किनारा वारंवार आठवला.

मलय भाषेत बुकित म्हणजे टेकडी आणि तिमाह म्हणजे कथील. पण या टेकडीत कथील कधी निघाले नाही. जुन्या लोकांचे एक म्हणणे असे की तिथे तेमाक नावाची झाडे होती आणि परक्यांच्या कानांनी त्याचे तिमाह केले. आपल्याकडेही साहेबाने गावांची नावे अशीच बदलली आहेत, तेव्हा हे पटण्यासारखे आहे. टेकडीची उंची १६३ मीटर. माथेरानपुढे ती काहीच नाही, पण सिंगापूर बेटावर याहून उंच जागा नाही. राखीव रानाचे क्षेत्रही योगायोगाने १६३ हेक्टरच आहे.

या टेकडीकडे जाणारा रस्ता हिंदुस्थानच्या कैद्यांनी बांधला. १८२५ पासून पुढे कित्येक वर्षे कंपनी सरकार आणि नंतर राणीचे सरकार आपल्या देशातले जन्मठेपेचे कैदी सिंगापूरला धाडत असे. बंगाल आणि मद्रासचे कैदी त्यांत जास्त, पण मुंबई इलाख्यातलेही होते. अंदमानाच्या आधीचे काळे पाणी ते हेच. या लोकांनी दलदली बुजवल्या, समुद्राच्या कडेला भिंती घातल्या, सेंट अँड्र्यूजचे मोठे चर्च बांधले आणि जंगल तोडून बुकित तिमाहचा रस्ता काढला. १८४३ साली टेकडीच्या माथ्यापर्यंत वाट झाली. तुरुंगाची व्यवस्था अशी की कैद्यांवर पहारा ठेवणारे मुकादमही कैदीच असत. पुढे वाघ फार माजले तेव्हा वाघ मारायलासुद्धा कैद्यांच्याच टोळ्या पाठवल्या. यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

वाघांचा त्रास मुख्यतः गंबीरच्या मळ्यांत होता. गंबीर हे एक झुडूप आहे. त्याचा पाला उकळून काथासारखा पदार्थ काढतात. तो कातडी कमावायला, रंगाला आणि विड्यातही चाले. चिनी मळेवाले गंबीर आणि मिरी जोडीने लावत. पाला उकळायला लाकूड लागे, आणि ते लाकूड शेजारच्या रानातूनच येई. पंधरा-वीस वर्षांत जमीन कस सोडी, लाकूडही संपे. मग मळा तसाच टाकून लोक पुढच्या रानात जात. मागे उरे लालांग नावाचे उंच, धारदार गवत. असे करत करत बेटाचे रान खलास झाले आणि मळेवाले समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून पलीकडे जोहोरच्या सुलतानाच्या मुलखात गेले. व्यापार सिंगापूरचा आणि तुटलेले रान शेजाऱ्याचे, ही रीत तेव्हापासूनची आहे. पुढे वाळूच्या बाबतीत तिचीच दुसरी आवृत्ती निघाली, ते ओघाने येईलच.

या सगळ्या तोडीच्या मध्यावर, १८५४ साली, आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज तरुण बुकित तिमाहला आला. एका फ्रेंच मिशनऱ्याच्या घरी तो राहिला. डार्विनबरोबर ज्याचे नाव घेतात तोच हा वॉलेस. सुमारे दोन महिन्यांत त्याने भुंगे आणि तशाच कठीण पाठीच्या किड्यांच्या ७०० जाती गोळा केल्या. त्याने लिहून ठेवले आहे की हे जवळजवळ सगळे रानाच्या एका तुकड्यात सापडले, आणि तो तुकडा एका चौरस मैलापेक्षा मोठा नव्हता. एवढे किडे का मिळाले याचे कारणही त्याने प्रामाणिकपणे दिले आहे. तिथे चिनी लाकूडतोडे काम करत होते. पडलेले ओंडके, सोललेली साल आणि भुसा यांवर किडे येत. म्हणजे रानाची ओळख जगाला झाली ती रान तुटत असताना झाली. वाघ पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यांची भीतीही त्याने लिहिली आहे. पानांनी झाकलेल्या त्या खड्ड्यात आपणच पडू असे त्याला वाटे.

तीस वर्षांनी कँटलीने मोजदाद केली तेव्हा मूळ रानापैकी शेकडा ७ च्या आसपास शिल्लक होते. हा मनुष्य झाडांचा जाणकार होता, पण अहवाल लिहिताना त्याने सरकारला समजेल अशी भाषा वापरली. लाकूड संपेल, हवा बिघडेल, ओढे आटतील. त्याच्यामागून आलेल्या हेन्री रिडले यांचे नाव रबराशी जोडलेले आहे, पण बुकित तिमाहच्या पुष्कळ झाडांची शास्त्रीय नोंद त्यांनीच केली. तरीही राखीव राने टिकली नाहीत. लाकडाला किंमत आली की राखीवपणा काढायचा, हा खेळ १९३० च्या दशकापर्यंत चालला. शेवटी १९३९ साली तीन जागा पुन्हा पक्क्या राखीव केल्या. बुकित तिमाहची टेकडी, आणि पांदान व क्रांजी इथली खारफुटी, म्हणजे आपण ज्याला तिवरांचे रान म्हणतो ती. तिन्हींना संरक्षण एकाच वेळी मिळाले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत दोन्ही तिवरांचे संरक्षण काढून घेण्यात आले. कारखाने हवे होते, गोड्या पाण्याचा साठा हवा होता. टेकडी राहिली. चिखलाचे रान कुणाला रान वाटत नाही, ही अडचण सिंगापुरातही होती आणि ठाण्याच्या खाडीवरही होती.

मध्यंतरी युद्ध आले. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी जे फौजेत होते त्यांना बुकित तिमाह हे नाव वर्तमानपत्रातून माहीत झाले असेल. १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी ही टेकडी आणि तिच्या पायथ्याची अन्नधान्याची व पेट्रोलची कोठारे घेतली, आणि १५ तारखेला जवळच्याच फोर्ड मोटारीच्या कारखान्यात इंग्रज सेनापतीने शरणागती लिहून दिली. बंदिवान झालेल्या सुमारे ८०,००० सैनिकांत हिंदी जवान फार मोठ्या संख्येने होते. त्या धामधुमीतही एक चांगली गोष्ट घडली. तानाकादाते आणि कोरिबा या जपानी प्राध्यापकांनी बोटॅनिक गार्डन आणि तिथला संग्रह लुटू दिला नाही, आणि शत्रुपक्षाच्या इंग्रज शास्त्रज्ञांना तिथेच कामावर ठेवले.

आता दगडाविषयी. बुकित तिमाहची टेकडी कठीण काळ्या-करड्या खडकाची आहे आणि तिच्या कुशीला दगडाच्या खाणी होत्या. सिंगापूर आणि जोहोर यांना जोडणारा समुद्रातला बांध, ज्यावरून आज रेल्वे आणि मोटारी जातात, तो १९२४ साली पुरा झाला. त्यात उबिन बेटाचा आणि बुकित तिमाहचा दगड आहे. तो बांध भरीव आहे. त्याच्याखालून पाणी वाहत नाही. त्यामुळे दोन देशांमधल्या त्या सामुद्रधुनीचे दोन तुकडे झाले आणि भरती-ओहोटीचे येणे-जाणे बदलले. शेजाऱ्याला जोडणारी वाट समुद्राच्या वाटेत आडवी आली. खाणींतले सुरुंग १९८० च्या दशकापर्यंत वाजत होते. आता त्या खड्ड्यांत पाणी भरले आहे आणि लोक कठड्याशी उभे राहून फोटो काढतात.

खाणी थांबल्या, पण त्याच दशकात टेकडीवर आणखी एक घाव बसला. १९८३ ते १९८६ या काळात मोठा द्रुतगती रस्ता काढला तो नेमका बुकित तिमाह आणि शेजारचे धरणांभोवतीचे मोठे रान यांच्या मधून. रस्ता झाला आणि टेकडी बेटासारखी एकटी पडली. रानातला प्राणी रस्ता ओलांडायला गेला की मरे. खवले मांजर, ज्याला कोकणात काही लोक औषधासाठी मारत आले, तेही तिथे अशाच रीतीने मोटारींखाली जात होते. लहान रान एकटे पडले की आतल्या आत प्राण्यांची सोयरीक होते आणि वंश खुंटत जातो. ही गोष्ट आपल्या समाजाला समजावून सांगायला नको. कोकणातल्या लहान गावांत चार-दोन घरे उरली तेव्हा मुलीला स्थळ पाहायला मुंबई गाठावी लागे.

शेवटी २०१३ साली त्या रस्त्यावरून ६२ मीटर लांबीचा एक पूल बांधला. माणसांना तिथे प्रवेश नाही. त्यावर माती घालून झाडे लावली आहेत आणि त्यावरून खवले मांजरे आणि उदमांजरे इकडून तिकडे जातात. यरुशलायमच्या रस्त्यावर शाआर हागायजवळ असाच पूल आहे, तो तुमच्यापैकी काहींनी मोटारीतून जाताना डोक्यावर पाहिला असेल. रस्ता काढायला तीन वर्षे लागली आणि चूक दुरुस्त करायला सत्तावीस.

२०११ साली बुकित तिमाहला आसियान वारसा उद्यान हा मान मिळाला. आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेने अशी ५० हून अधिक राने निवडली आहेत. थायलंडचे खाओ याई, मलेशियाचे तामान नेगारा, सुमात्राचे केरिंची सेब्लात ही त्यांतली मोठी नावे. त्यांचे काम पाहणारी कचेरी फिलिपाइन्समध्ये आहे. त्या प्रचंड अरण्यांच्या शेजारी आपली ही १६३ हेक्टरची टेकडी बसवली आहे, म्हणजे पाटलांच्या पंगतीत लहान मूल. पण मान खोटा नाही. इतक्या थोड्या जागेत इतक्या जातींची झाडे टिकली आहेत, आणि शेजारच्या देशांतील वनाधिकारी तिथे येऊन शहरात रान कसे सांभाळायचे ते पाहतात. अशा भागीदारीत कागद, सभा आणि छायाचित्रे पुष्कळ असतात हे खरे. तिची परीक्षा रानात होत नाही, पाण्यावर आणि हवेत होते. म्हणून आता टेकडीवरून खाली उतरू.

टेकडीवर पडलेला पाऊस बुकित तिमाहच्या कालव्याने शहराकडे आणि समुद्राकडे जातो. वरच्या बाजूला घरे आणि रस्ते झाले, झाडे गेली, पाणी जमिनीत मुरेना. २ डिसेंबर १९७८ रोजी सिंगापुरात एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. बुकित तिमाहचा भाग बुडाला, बेटावर ७ माणसे दगावली. तोपर्यंत पाणी वळवणारा एक कालवा १९७२ साली झालाच होता. तो अपुरा पडला म्हणून दुसरा काढला, तो १९९० साली पुरा झाला. खरी अडचण होती ती खालच्या टोकाला. पाऊस आणि भरती एका वेळी आली की समुद्र पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी नदीचे काय झाले, ते आपल्या नातेवाइकांनी छातीभर पाण्यात उभे राहून पाहिले आहे. २००८ साली सिंगापूरने शहराच्या तोंडाशी मरीना बंधारा बांधला. ओहोटीला दारे उघडून पाणी सोडायचे, भरतीला दारे बंद, आणि पाऊस फारच असला तर पंप लावायचे.

हे वाचले आणि मला आपली उघाडी आठवली. तरुण वाचकांसाठी सांगतो. अलिबाग आणि पेण यांच्यामधला जो सखल मुलूख, त्याला खारेपाट म्हणतात. तिथली भातशेती समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. बाहेरून मातीचा मोठा बांध, त्याला दगडाची आच्छादने, आणि त्यात जागोजाग उघाडी. उघाडीला लाकडी झडप असते. भरतीचे पाणी आले की तिच्याच दाबाने झडप बंद होते, ओहोटीला शेतातल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना पंप, ना वीज. नवी जमीन घेतली की दोन-तीन पावसाळे तिचे मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग राता नावाचा खाऱ्याला टिकणारा तांबडा भात लावायचा.

हा मुलूख आपला आहे असे मी म्हणतो ते आडनावांवरून. पेणकर, पेझारकर, चरीकर, शापूरकर, वाक्रूळकर. ही गावे नकाशावर शोधा, बहुतेक खारेपाटात किंवा त्याच्या कडेला सापडतील. थोडे पश्चिमेला सरकले की नवगावकर, किहीमकर, आवासकर, चेउलकर हे समुद्राकाठचे. आपली मंडळी घाण्यावर तेल काढत, पण पुष्कळांची भातशेतीही होती. बांधाला खांड पडली की तेली, आगरी, कोळी असा भेद राहत नसे. खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात येई.

बांध कुणी राखायचा, याची व्यवस्था ठरलेली होती. १८८३ च्या त्या गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे. बाहेरचा बांध ज्याने घातला किंवा ज्याच्या पैशाने घातला गेला तो शिलोत्रीदार. बांध दुरुस्त ठेवण्याबद्दल त्याला सरकारी धाऱ्याव्यतिरिक्त बिघ्यामागे मणभर भात मिळे. आतले बांध ज्याच्या त्याच्या शेताचे. खांड मोठी असली तर सगळ्या खातेदारांनी घमेली घेऊन यायचे, कारण पुढची भरती बारा तासांनी येणारच. पद्धत गोड होती असे नाही. भात घ्यायचा आणि बांध राखायचा नाही, असे करणारेही निघाले. खोतांच्या जाचाविरुद्ध चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला, शेते पड ठेवली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी. त्या संपाला जगात तोड सापडणे कठीण, आणि त्यातूनच पुढे कुळकायद्याची वाट निघाली.

त्यानंतर १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनीचा कायदा केला, १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. बांध सरकारच्या ताब्यात आले. खोत गेला हे चांगले झाले. पण घमेले घेऊन येणारा गावकरीही हळूहळू गेला. बांध फुटला तर आता अर्ज करायचा, अंदाजपत्रक व्हायचे, मंजुरी यायची. भरती मंजुरीची वाट पाहत नाही. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, फौज आणि पुढे आलिया यांमुळे माणसेही कमी झाली. आपलेच पाहा, आपण १९४८ नंतर निघालो आणि आपली शेते दुसऱ्यांच्या हाती गेली. खांड बुजली नाही की खारे पाणी आत येते आणि चार-पाच वर्षांत तिथे तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीला बंदी केली आणि २०१२ साली सरकारने तिवरांसाठी वेगळा विभाग काढला. ते योग्यच होते. ठाण्याच्या खाडीत आज रोहित पक्षी येतात. पण ज्या शेतकऱ्याच्या सातबारावर भातशेत आहे आणि जागेवर तिवरांचे रान आहे, त्याला बांध पुन्हा घालू द्यायचा की नाही? समुद्र चढत असताना तिवर लाटेचा जोर मोडते, आणि बांध भात देतो. दोन्ही हवे आहेत आणि जागा एकच आहे. माझे मत विचाराल तर बाहेर तिवर आणि आत बांध ही जुनी रचनाच शहाणपणाची होती. पण त्यासाठी तीन खात्यांनी आणि गावाने एका ओसरीवर बसायला हवे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनाऱ्यांसाठी हरित हवामान निधीच्या मदतीने एक मोठी योजना सुरू झाली आहे. तिवरे लावणे, खेकडे आणि कालवे पाळून लोकांना रोजगार देणे, असे तिचे स्वरूप. तीन राज्ये एका कामासाठी जोडली गेली ही नवीन गोष्ट आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताच्या जाती काढल्या आहेत, त्या मात्र कितीतरी आधीपासून शेतकऱ्यांच्या हाती आहेत.

सिंगापूरचा किनारा आपल्यासारखा नाही, त्याने समुद्रच मागे ढकलला. १९६० साली त्या देशाचे क्षेत्रफळ ५८१ चौरस किलोमीटर होते, आज ते ७३० च्या वर आहे. आधी आपल्याच टेकड्या फोडून भराव घातला. बेडोक आणि तांपिनीसच्या टेकड्या पूर्व किनाऱ्याखाली गेल्या. टेकड्या संपल्या तेव्हा वाळू शेजाऱ्यांकडून घेतली. मलेशियाने १९९७ साली समुद्राची वाळू देणे बंद केले, इंडोनेशियाने २००३ साली, कंबोडियाने २०१७ साली. इंडोनेशियाच्या हद्दीवरचे निपा बेट वाळू उपसून इतके खचले की भरतीला जवळजवळ दिसेनासे झाले, आणि देशाची सागरी हद्द ज्या खुणेवरून मोजायची ती खूणच पाण्याखाली जायची वेळ आली. गंबीरची गोष्ट मी वर सांगितली ती यासाठी.

धुराचेही तसेच. १९९७ साली सुमात्रा आणि बोर्निओची राने जळली आणि बुकित तिमाहची टेकडी धुरात दिसेना. २००२ साली आसियान देशांनी सीमेपलीकडच्या धुराविषयी करार केला. ज्याच्या देशात आग लागते त्या इंडोनेशियाने त्यावर संमतीची मोहोर उठवली ती २०१४ साली, बारा वर्षांनी. मधल्या काळात २०१३ च्या जूनमध्ये सिंगापूरची हवा कधी नव्हती इतकी वाईट झाली. शेजाऱ्यांचे करार असेच चालतात. तरी करार नसता तर भांडायलाही आधार राहिला नसता, हे विसरता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी जाहीर केले की समुद्रापासून देश राखायला पुढच्या शंभर वर्षांत १०० अब्ज सिंगापूर डॉलर किंवा त्याहूनही जास्त लागतील. शतक संपेपर्यंत पाणी एक मीटरपर्यंत चढेल असा तेव्हाचा हिशेब होता. वाळू मिळेना, म्हणून तेकोंग बेटाजवळ त्यांनी वेगळाच मार्ग धरला. सुमारे ८१० हेक्टर समुद्राभोवती १० किलोमीटरचा बांध घालायचा, आतले पाणी उपसायचे आणि भरतीच्या पातळीखालची जमीन वापरात आणायची. ही विद्या त्यांनी नेदरलँड्सकडून घेतली. वर्तमानपत्रांत तिला सिंगापूरसाठी अगदी नवीन म्हटले आहे. पेझारीच्या एखाद्या म्हाताऱ्या आगऱ्याला ते चित्र दाखवले तर तो विचारील, उघाडी कुठे ठेवली आहे?

आपल्या एरेत्झमध्येही पाण्याशी असा झगडा झाला आहे. हुला खोऱ्यातली दलदल १९५० च्या दशकात आटवली तेव्हा ती मोठी कामगिरी मानली गेली. पुढे तिथली कुजकी माती सुकून जळू लागली, खतासारखी द्रव्ये किनेरेतमध्ये उतरू लागली, आणि १९९४ साली त्या खोऱ्याचा एक भाग पुन्हा पाण्याखाली घालावा लागला. आज तिथे क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात आणि शाळेची मुले ते पाहायला जातात.

सिंगापुरात असे एक ठिकाण आहे, बुकित तिमाहच्या वायव्येला, सुंगेई बुलो नावाचे. तिथे पूर्वी कोळंबीची तळी होती. भोवती मातीचे बांध आणि बांधांत झडपा, भरतीबरोबर कोळंबीची पिले आत घ्यायची आणि ओहोटीला जाळे लावायचे. १९८६ साली पक्षी पाहणाऱ्या काही हौशी मंडळींच्या ध्यानात आले की सैबेरियाहून ऑस्ट्रेलियाकडे जाणारे किनाऱ्याचे पक्षी इथे उतरतात. त्यांनी सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या. १९९३ साली उद्यान झाले, २००२ साली राखीव पाणथळ, आणि २००३ साली आसियान वारसा उद्यानाचा मान, बुकित तिमाहच्याही आठ वर्षे आधी. कोळंबीवाले गेले, बांध आणि झडपा मात्र त्यांनी मोडल्या नाहीत. बाहेरचा चिखल भरतीत बुडाला की पक्ष्यांना उभे राहायला जागा उरत नाही. तेव्हा झडपांच्या मदतीने आतल्या तळ्यांचे पाणी उथळ ठेवतात, म्हणजे ते लांबचे पाहुणे तिथे येऊन टेकतात आणि ओहोटी लागली की पुन्हा चिखलावर उतरतात.